चुन्याच्या खुणेने वाचलेला सूर्य

कॅल्शियमशी भारतीय घराची ओळख फार जुनी आहे. त्याचे नाव मात्र घरात उशिरा आले. पानाच्या तबकातली चुन्याची डबी, दिवाळीपूर्वी भिंतींना दिली जाणारी सफेदी, जुन्या वाड्यांचे आणि किल्ल्यांचे दगड धरून ठेवणारा घाणीचा चुना, बाळंतिणीच्या आहारातली नाचणी, या साऱ्यांत तेच एक मूलद्रव्य वावरत होते. फसवणुकीलासुद्धा भाषेने 'चुना लावणे' हाच शब्दप्रयोग दिला. पुढे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कॅल्शियमच्या गोळ्या आल्या, दुधाच्या जाहिरातींतून बळकट हाडांचे आश्वासन आले आणि हा शब्द घरोघर रुळला. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते आणि त्यातले जवळजवळ ९९ टक्के हाडांत व दातांत असते, हे आता शाळकरी मुलेही सांगतात. परंतु याच कॅल्शियमच्या आधाराने भारतातील शास्त्रज्ञ सव्वाशे वर्षे सूर्य वाचत आले आहेत, ही गोष्ट त्या मानाने अपरिचित राहिली. तिचा आरंभ एका दुष्काळात आहे.

१८७६ ते १८७८ या काळात दक्षिण भारतावर भीषण दुष्काळ कोसळला. मद्रास आणि मुंबई इलाखे, म्हैसूर आणि हैदराबाद संस्थाने होरपळून निघाली. मृतांचा अंदाज पन्नास लाखांच्या वर जातो. धान्याची निर्यात आणि मदतकार्यातील कंजुषी यांचा त्या मृत्यूंमधील वाटा इतिहासकारांनी पुढे दाखवून दिला. त्या वेळी मात्र अनेक विद्वानांची दृष्टी आकाशाकडे वळली. सूर्यावरील डागांची संख्या सुमारे ११ वर्षांच्या चक्राने वाढते आणि घटते, हे तोवर ठाऊक झाले होते. मग पावसाचेही चक्र त्याच्याशी बांधलेले असेल काय? नॉर्मन लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने तसे जाहीरपणे मांडले. सूर्याचा नेमाने अभ्यास केला तर मोसमी पावसाचे भाकीत करता येईल आणि दुष्काळाची पूर्वसूचना मिळेल, ही आशा बळावली. लॉर्ड केल्विन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १८९३ मध्ये दक्षिणेच्या डोंगरांत सौर वेधशाळा उभारण्याचा निर्णय घेतला आणि १८९९ मध्ये पळणी डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरहून अधिक उंचीवर, कोडाईकनालची वेधशाळा स्थापन झाली.

सूर्यावर कॅल्शियम आहे, हे कळण्याची वाट त्याआधीच मोकळी झाली होती. १८०८ मध्ये लंडनच्या हम्फ्री डेव्हीने विजेच्या साहाय्याने चुन्यातून हा धातू वेगळा केला आणि चुन्याच्या लॅटिन नावावरून त्याचे नामकरण केले. काही वर्षांतच जर्मनीच्या योसेफ फ्राउनहोफरने सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात शेकडो काळ्या रेषा मोजल्या. जांभळ्या टोकाशी त्यांपैकी दोन रेषा अतिशय रुंद आणि ठळक होत्या. पुढे त्या 'एच' आणि 'के' या अक्षरांनी ओळखल्या जाऊ लागल्या. प्रत्येक मूलद्रव्य प्रकाशावर स्वतःच्या खास रेषा उमटवते, हे किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी १८५९ च्या सुमारास दाखवले, तेव्हा या दोन रेषांचा धनीही सापडला. ते होते कॅल्शियम.

परंतु ओळख पटली तसे कोडे वाढले. खग्रास ग्रहणात चंद्र सूर्यबिंब पूर्ण झाकतो, त्या क्षणी बिंबाच्या कडेला एक पातळ तांबूस थर काही सेकंद झळकतो. त्याला वर्णगोल म्हणतात. या थराचा वर्णपट टिपण्यासाठी त्या काळचे शास्त्रज्ञ जगभर धावत. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी लॉकियरने कोकणातील विजयदुर्ग किल्ल्यावर तळ दिला होता. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी जेऊर येथून वेध घेतले. अशा ग्रहणचित्रांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसे. वर्णगोलात सर्वाधिक उंचीपर्यंत पोहोचणाऱ्या रेषांमध्ये कॅल्शियमच्या 'एच' आणि 'के' या रेषा होत्या. कॅल्शियमची दुसरी एक रेषा, निळ्या भागातली, मात्र बरीच खाली थांबे. कॅल्शियमचा अणू हायड्रोजनच्या चाळीस पट जड. तो इतक्या उंच कसा चढतो? आणि एकाच मूलद्रव्याच्या काही रेषा वर आणि काही खाली, असे का? प्रयोगशाळेत 'एच' आणि 'के' रेषा विजेच्या ठिणगीसारख्या अतितप्त स्थितीत प्रबळ होत, म्हणून लॉकियरने त्यांचा संबंध उच्च तापमानाशी जोडला. पण सूर्यापासून दूर जावे तसे तापमान वाढेल, हे त्या काळी कोणाला पटणारे नव्हते.

उत्तर कलकत्त्याहून आले. ढाक्याजवळच्या शेवडातली गावातील एका छोट्या दुकानदाराचा मुलगा मेघनाद साहा कलकत्ता विद्यापीठात शिकवत होता. त्याच्यापाशी ना दुर्बीण होती, ना वर्णपटाची अद्ययावत प्रयोगशाळा. होती ती पुस्तके, जर्मन भाषेचे ज्ञान आणि उष्मागतिकीवरील पकड. ऑक्टोबर १९२० मध्ये 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये साहांचा सूर्याच्या वर्णगोलातील आयनीभवनावरील निबंध प्रसिद्ध झाला. अणूमधून इलेक्ट्रॉन सुटून जाण्याच्या क्रियेला आयनीभवन म्हणतात. साहांनी या क्रियेकडे साध्या रासायनिक विघटनासारखे पाहिले आणि कोणत्या तापमानाला, कोणत्या दाबाखाली किती अणू आयनीभूत होतील याचे समीकरण मांडले. त्यांच्या गणिताचे पहिले ठळक उदाहरण कॅल्शियमचे होते.

हे समजण्यासाठी चुन्याची भट्टी डोळ्यांपुढे आणावी. भट्टीत चुनखडी तापली की तिचा कळीचा चुना होतो आणि कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. वायूला वाट मोकळी असेल तर हे विघटन चालूच राहते. वायू कोंडून धरला तर तो पुन्हा चुन्याशी जुळतो आणि विघटन अडते. तापमान तेच असले तरी दाब बदलताच निकाल बदलतो. सूर्यावर कॅल्शियमच्या अणूचे असेच होते. खालच्या दाट थरात सुटलेल्या इलेक्ट्रॉनला लगेच दुसरा आयन भेटतो आणि दोघे पुन्हा एकत्र येतात. वरच्या विरळ थरात सुटलेला इलेक्ट्रॉन भटकतच राहतो, त्याला जोडीदार क्वचित सापडतो. म्हणून उंचीवर जवळजवळ सारे कॅल्शियम आयनीभूत असते. 'एच' आणि 'के' या रेषा त्या आयनाच्या आहेत, तर खाली थांबणारी निळी रेषा अखंड अणूची आहे. ग्रहणचित्रांनी अनेक वर्षे छळलेल्या कोड्याचा उलगडा दाबाच्या एका विचाराने झाला.

हे समीकरण सूर्यापुरते थांबले नाही. ताऱ्यांच्या वर्णपटांत इतकी विविधता का, याचे उत्तर त्यातून मिळू लागले. घटक वेगळे असण्यापेक्षा तापमान वेगळे असणे हे त्याचे मुख्य कारण निघाले. १९२५ मध्ये सिसिलिया पेन या तरुण संशोधिकेने अमेरिकेत साहांच्याच समीकरणाच्या आधारे ताऱ्यांतील मूलद्रव्यांचे प्रमाण मोजले आणि तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत असे तिला आढळले. ज्येष्ठांच्या दडपणाखाली तिने आपल्या प्रबंधात हा निष्कर्ष खरा नसावा असे लिहिले. काही वर्षांत तोच खरा ठरला. सूर्यात दर दहा लाख हायड्रोजन अणूंमागे कॅल्शियमचे अणू जेमतेम दोन आहेत. तरीही दृश्य वर्णपटातील सर्वांत ठसठशीत खुणा त्याच्या आहेत, कारण सूर्याच्या तापमानाला त्याचा आयन नेमका प्रकाश शोषण्यास सज्ज असतो. साहांचे नाव नोबेल पुरस्कारासाठी अनेकदा सुचवले गेले. पुरस्कार मात्र मिळाला नाही.

कलकत्त्यात हे गणित मांडले जात असताना कोडाईकनालच्या डोंगरावर एक वेगळेच, संथ काम सुरू होते. १९०७ मध्ये जॉन इव्हरशेड तेथे आले. सूर्याच्या संपूर्ण बिंबाचे चित्र केवळ एका रेषेच्या प्रकाशात घेणारे स्पेक्ट्रोहेलिओग्राफ नावाचे यंत्र त्यांनी मार्गी लावले. रेषा निवडली ती कॅल्शियमची 'के'. ती रुंद होती आणि त्या काळच्या छायाचित्रणाच्या काचा जांभळ्या प्रकाशाला चांगला प्रतिसाद देत. आकाश निरभ्र असेल त्या दिवशी सूर्याचे कॅल्शियमचित्र घ्यायचे, काच धुवायची, वाळवायची, तारीख-वेळ नोंदवून कपाटात ठेवायची, असा क्रम लागला. इव्हरशेड यांच्या पत्नी मेरी यांनी पतीसह या संग्रहातून सूर्यावरील ज्वालांचा मोठा अभ्यास सिद्ध केला. १९१२ मध्ये पुण्याची महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा बंद झाली, तेव्हा नायगमवालांची २० इंची दुर्बीणही कोडाईकनालला पोहोचली. संचालक आले आणि गेले, दोन महायुद्धे झाली, सत्तांतर झाले. चित्रांचा क्रम चालू राहिला.

ज्या आशेने वेधशाळा उभी राहिली, ती मात्र टिकली नाही. भारतीय हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी पावसाच्या आणि सूर्यडागांच्या आकड्यांची कठोर तपासणी केली, तेव्हा दोहोंतील नाते भाकितासाठी फारच दुबळे निघाले. मोसमी पावसाची सूत्रे त्यांना पृथ्वीवरच, महासागरांवरील हवेच्या दाबाच्या हेलकाव्यांत सापडली. दुष्काळाचे भाकीत करण्यासाठी घेतलेली चित्रे दुष्काळाच्या कामी आली नाहीत.

कॅल्शियमच्या रेषेने पुढचे मोठे दान दिले ते एम. के. वेणू बाप्पू यांना. हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत काम करणाऱ्या वडिलांच्या सहवासात वाढलेले बाप्पू हार्वर्डला शिकले आणि नंतर कॅलिफोर्नियात ऑलिन विल्सन यांच्यासह त्यांनी ताऱ्यांच्या 'के' रेषा तपासल्या. अनेक थंड ताऱ्यांच्या वर्णपटात या काळ्या रेषेच्या गाभ्यात एक बारीक उजळ पट्टी असते. तारा मुळात जितका तेजस्वी तितकी ही पट्टी रुंद, असा सरळ नियम दोघांना आढळला. १९५७ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि 'विल्सन-बाप्पू परिणाम' या नावाने पाठ्यपुस्तकांत गेला. तेजस्वितेत दहा लाख पटींचा फरक असलेल्या ताऱ्यांनाही तो लागू पडतो. पट्टीच्या रुंदीवरून खरे तेज कळते, दिसणारे तेज मोजता येते, आणि दोहोंच्या तुलनेतून ताऱ्याचे अंतर निघते. बाप्पू १९६० मध्ये कोडाईकनालचे प्रमुख झाले. सूर्याच्या कॅल्शियमचित्रांतील बारीक तेजस्वी ठिपक्यांवरही त्यांनी सहकाऱ्यांसह काम केले. १९७१ मध्ये भारतीय खगोलभौतिकी संस्था स्वायत्त झाली, त्यामागेही त्यांचेच परिश्रम होते.

कोडाईकनालच्या जुन्या काचा-फिल्मांची मालिका २००७ पर्यंत चालली. शंभर वर्षांचा, एकाच ठिकाणचा, एकाच रेषेतील हा संग्रह संस्थेने अंकरूपात आणून अभ्यासकांना खुला केला आणि त्याचे मोल नव्याने उमगले. सूर्यावर जेथे चुंबकीय क्षेत्र प्रबळ असते, तेथे 'के' रेषेतील चित्रात उजळ ठिगळे दिसतात. संपूर्ण सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राचे नियमित नकाशे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच सुरू झाले. त्यापूर्वीच्या दशकांत सूर्याची चुंबकीय हालचाल कशी होती, त्याचे अतिनील किरण किती कमी-अधिक होत होते, हे सांगू शकणारे साक्षीदार जगात थोडे आहेत आणि कोडाईकनालच्या काचा त्यांत अग्रभागी आहेत. पृथ्वीचे हवामान बदलण्यात सूर्याचा वाटा किती आणि माणसाचा किती, या आजच्या प्रश्नाला अशा नोंदींची गरज आहे. ज्यांनी त्या काचा धुतल्या, वाळवल्या आणि क्रमाने लावल्या, त्यांतील बहुतेकांची नावे कोणत्याही शोधाला जोडलेली नाहीत.

२ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोटाहून 'आदित्य-एल१' निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरील आपल्या कक्षेत स्थिरावले. त्यावरील 'सूट' ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली. तिच्या ११ गाळण्यांपैकी एक गाळणी ३९६.८५ नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी आहे. ती कॅल्शियमची 'एच' रेषा होय. विजयदुर्गाच्या तटावर जिच्यासाठी काही सेकंदांच्या काळोखाची वाट पाहावी लागत होती, ती रेषा आता ग्रहणाविना, ढगांविना, रात्रीच्या खंडाविना पाहता येते. कोडाईकनालची काच आणि 'सूट'चे चित्र शेजारी ठेवून तुलना करता येते, कारण दोन्हींतला प्रकाश एकाच मूलद्रव्याचा आहे: पानाच्या डबीतल्या चुन्यात असते, त्या कॅल्शियमचा.