‘किती दुखतंय?’ची कुळकथा

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, कुठेही हर्नियाचं ऑपरेशन झालं की सिस्टर येऊन विचारते, “किती दुखतंय? शून्य ते दहात सांगा.” हे आकडे बरेच अलीकडचे. पण दुखणं रुग्णालाच विचारायचं आणि त्याच्या उत्तरावर औषध पारखायचं, ही रीत रुजली ती दुसऱ्या महायुद्धानंतर.

त्याच युद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकी भूलतज्ज्ञाने 215 गंभीर जखमी सैनिकांना विचारलं, औषध हवंय का? सुमारे तीन-चतुर्थांश जण नको म्हणाले! युद्धानंतर ऑपरेशन झालेल्या सामान्य नागरिकांना त्याने तेच विचारलं, तर 80 टक्क्यांहून अधिक जणांनी औषध मागितलं. सैनिकाला जखम म्हणजे घरी परतायची वाट, असा त्याचा तर्क. मला तो पटतो. जखमेच्या आकारावरून दुखणं मोजता येत नाही, एवढं तर नक्कीच ठरलं.

मग बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात बीचर आणि त्याचा सहकारी लुई लसान्या ऑपरेशन झालेल्यांवरच औषधं पारखू लागले. इथे दुखणं कधी सुरू झालं ते ठाऊक असतं आणि सारख्या जखमांचे रुग्ण पुष्कळ मिळतात. पण गोम अशी, की हे दुखणं आपोआपही ओसरतं. म्हणून कधी खरं औषध, कधी नुसतं मिठाचं पाणी. कधी काय दिलं हे ना रुग्णाला ठाऊक, ना सिस्टरला. पाण्यानेही बऱ्याच जणांना आराम पडला. 1955 साली बीचरने 15 अभ्यासांतून, नुसत्या नकली औषधाने आराम पडणाऱ्यांचा, 35 टक्क्यांचा आकडा काढला. तो फुगवलेला होता, असं पुढच्या संशोधकांनी दाखवलं. तरी पाठ्यपुस्तकांतून तो हलला नाही. सत्तरच्या दशकापासून अक्कलदाढ काढलेले रुग्णही या कामी आले.

आता अशा चाचणीत दुखणं असह्य झालं तर दुसरं औषध देण्याची सोय आधीच ठरवलेली असते. भारतात 2009पासून चाचणीची सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी सक्तीची आहे, आणि 2019च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई मिळते. तेव्हा कुणी अशा चाचणीचं संमतीपत्र पुढे केलं, तर आधी मराठी प्रत आणि नोंदणी क्रमांक मागा. नाही म्हटलं म्हणून नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत.