जड ढोल

ही गोष्ट आफ्रिकेतल्या रवांडा देशाची. देश टेकड्यांचा, महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान.

तिथल्या भाषेत ढोलाला म्हणतात ‘इंगोमा’. याच शब्दाचा दुसरा अर्थ राज्य. राजाचा ‘कालिंगा’ नावाचा ढोल म्हणजे राजसत्तेची खूणच. मग बाईनं ढोलाला हात लावायचा नाही, हे ओघानं आलं. १९६१ साली राजेशाही गेली, पण हा नियम राहिला. राजा घालवणं सोपं असतं म्हणायचं!

१९९४ च्या एप्रिलमध्ये तिथं नरसंहार सुरू झाला. सुमारे १०० दिवसांत ८ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. बहुतेक तुत्सी समाजाची, आणि त्यांची बाजू घेणारे हुतूही. मारणारे पुष्कळ ठिकाणी शेजारीच होते. नंतर एकीचा नवरा गेलेला, तर दुसरीचा नवरा खुनासाठी तुरुंगात. आणि दोघींचा बाजार एक, पाणवठा एक. बोलायचं तरी काय?

२००४ साली बुटारे शहरात, ज्याला आता हुये म्हणतात, नाटककार ओडिल गाकिरे कातेसे यांनी बायकांचं ढोलपथक उभं केलं. नाव ‘इंगोमा न्श्या’, म्हणजे नवा ढोल. दोन्हीकडच्या बायका त्यात आल्या. लोक म्हणत, ढोल बाईला जड होईल. डोक्यावर पाणी आणि पाठीवर लेकरू घेऊन टेकडी चढणारीला म्हणे ढोल जड!

पोकळ खोडावर गाईचं कातडं ताणलेला हा ढोल दोन काठ्यांनी वाजवतात. एकटीनं वाजवलं तर नुसता आवाज होतो. पथकात मात्र शेजारणीच्या हातावर नजर ठेवावी लागते, तिचा ठोका ऐकून आपला टाकावा लागतो. ती कोणाची कोण, हे तेवढा वेळ मागं पडतं. घाम येतो, हात भरून येतात, कुणी चुकलं की हसूही येतं. यानं दुःख मिटलं, असं आम्ही म्हणणार नाही. गेलेली माणसं ढोल वाजवून परत येत नाहीत. पण ज्यांना एकमेकींशी बोलवत नव्हतं, त्यांना एका तालात उभं राहता आलं.

२०१० मध्ये पथकातल्या काही जणींनी मिळून आइस्क्रीमचं दुकान काढलं, ‘इन्झोझी न्झिझा’, म्हणजे गोड स्वप्नं. आपल्या गटांसारखंच, सगळ्यांच्या सहकारातलं. शिकवायला आइस्क्रीमवाल्या आल्या न्यूयॉर्कहून. यातल्या कित्येकींनी तोवर आइस्क्रीम चाखलंही नव्हतं.