अमेरिकन मराठी मिशन

अमेरिकन मराठी मिशन ही पश्चिम भारतात मराठी भाषकांमध्ये काम करणारी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती मिशनरी संस्था होती. 'अमेरिकन बोर्ड ऑफ कमिशनर्स फॉर फॉरिन मिशन्स' या न्यू इंग्लंडमधील मंडळाने ती चालविली. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे तिचे पहिले दोन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्या वेळी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांना स्वतंत्र होऊन चाळीस वर्षेही झाली नव्हती आणि त्यांचे ब्रिटनशी दुसरे युद्ध सुरू होते. धर्मप्रसार हा मिशनचा मूळ हेतू होता. तथापि मराठी मुद्रण, मुलींचे शिक्षण आणि नियतकालिके या क्षेत्रांतील कार्यामुळे महाराष्ट्राच्या इतिहासात त्याची विशेष नोंद घेतली जाते.

पार्श्वभूमी

कोलंबस १४९२ मध्ये भारताच्या शोधात निघून अमेरिकेच्या बेटांवर पोहोचला, तर वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला. युरोपीय दर्यावर्दींच्या या दोन वाटांपैकी पहिलीतून अमेरिकेतील वसाहती निर्माण झाल्या, तर दुसरीतून गोवा, वसई व मुंबई येथील पोर्तुगीज ठाणी उभी राहिली. सतराव्या शतकात इंग्रजांनी दोन्हीकडे पाय रोवले. १६२० मध्ये प्लिमथ आणि १६३० मध्ये मॅसॅच्युसेट्स बे येथे प्युरिटन पंथीयांच्या वसाहती स्थापन झाल्या. मुंबई बेट १६६१ च्या विवाहकराराने इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाले आणि १६६८ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले.

मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीच्या मुद्रेवर 'इकडे येऊन आम्हांस साहाय्य करा' असे म्हणणारा मूळनिवासी पुरुष कोरलेला होता. जॉन एलियट याने मूळनिवाश्यांच्या भाषेत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले व ते १६६३ मध्ये छापून प्रसिद्ध झाले. स्थानिक भाषा शिकायची, तिच्यात ग्रंथ छापायचे आणि शाळा काढायच्या, ही मुंबईत पुढे अवलंबिलेली पद्धत न्यू इंग्लंडमध्ये अशी दीडशे वर्षे आधीच रूढ झाली होती. त्याच काळात युद्धे, रोगराई आणि जमिनींवरील अतिक्रमण यांमुळे मूळनिवाश्यांची संख्या मात्र झपाट्याने घटत गेली.

१६ डिसेंबर १७७३ रोजी बोस्टन बंदरात वसाहतवाल्यांनी चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला, १७८३ च्या पॅरिस तहाने ब्रिटनने स्वातंत्र्य मान्य केले आणि १७८९ मध्ये नव्या राज्यघटनेनुसार जॉर्ज वॉशिंग्टन पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. ब्रिटिश साम्राज्याशी असलेला व्यापार तुटल्याने अमेरिकी व्यापारी पूर्वेकडे वळले. १७८४ मध्ये पहिले अमेरिकी जहाज भारताच्या किनाऱ्याला लागले. १७९४ च्या जे तहाने कंपनीच्या बंदरांत व्यापार करण्याची मुभा अमेरिकी जहाजांना मिळाली. सेलम, बोस्टन व फिलाडेल्फिया येथील गलबतांची कलकत्ता व मुंबईकडे ये-जा सुरू झाली. मिशनरींना पुढे याच व्यापारी जहाजांनी भारतात आणले.

बोर्डाची स्थापना

१७९१ मध्ये स्वीकारलेल्या पहिल्या घटनादुरुस्तीने संघराज्याला अधिकृत धर्म स्थापन करण्यास मनाई केली. मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटनांचा वारसा सांगणाऱ्या काँग्रिगेशनल चर्चला करातून मिळणारा आधार १८३३ पर्यंत टिकला असला, तरी राजाश्रयावाचून लोकांच्या वर्गणीतून चालणाऱ्या संस्थांचा काळ सुरू झाला होता. १८०६ मध्ये विल्यम्स कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी परदेशी धर्मप्रसाराचा संकल्प केला. ॲन्डोव्हर येथील धर्मशास्त्र विद्यालयात त्यांच्या विचाराचे आणखी तरुण एकत्र आले. त्यांच्या विनंतीवरून जून १८१० मध्ये बोर्डाची स्थापना झाली.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम येथे गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट, सॅम्युएल न्यूएल, ॲडोनिराम जडसन आणि ल्यूथर राइस या पाच तरुणांना दीक्षा देण्यात आली. त्याच महिन्यात ते दोन जहाजांतून कलकत्त्याकडे निघाले.

कलकत्त्याहून मुंबईकडे

१८ जून १८१२ रोजी अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले. या सुमारास पहिले जहाज कलकत्त्याला पोहोचत होते आणि दुसरे अद्याप समुद्रात होते. कंपनी सरकार मिशनरींविषयी आधीच साशंक होते. १८०६ च्या वेल्लोर येथील शिपायांच्या उठावानंतर धर्मात ढवळाढवळ झाल्याचा संशय राज्याला धोकादायक ठरेल, ही भीती अधिकाऱ्यांच्या मनात घर करून होती. त्यात हे पाच जण परवान्यावाचून आलेले आणि शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना देश सोडण्याचा हुकूम झाला.

न्यूएल पतिपत्नी मॉरिशसला गेले व तेथे ३० नोव्हेंबर १८१२ रोजी हॅरिएट न्यूएल यांचा वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मृत्यू झाला. जडसन व राइस यांनी बाप्टिस्ट मत स्वीकारले. जडसन पुढे ब्रह्मदेशात गेले. हॉल आणि नॉट पतिपत्नी मुंबईच्या जहाजावर चढले आणि ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले.

मुक्कामाचा प्रश्न

मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन हे ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीचे पदाधिकारी होते. मिशनरींविषयी त्यांना वैयक्तिक सहानुभूती होती. परंतु दोघांना इंग्लंडला पाठवून द्यावे, असा कलकत्त्याचा आदेश होता. पाठवणीचा दिवस जवळ येताच हॉल आणि नॉट यांनी गुपचूप मुंबई सोडली व किनाऱ्याने दक्षिणेस सिलोनच्या दिशेने प्रवास सुरू केला. सिलोन हा कंपनीच्या नव्हे, तर थेट राजाच्या अंमलाखाली होता, त्यामुळे तेथे आश्रय मिळण्याची त्यांना आशा होती. श्रीमती नॉट मुंबईतच राहिल्या. कोचीन येथे दोघांना अडविण्यात आले आणि परत मुंबईस आणले गेले.

या पलायनामुळे नेपियन यांची स्थिती अवघड झाली. आपल्या बचावार्थ हॉल व नॉट यांनी गव्हर्नरांना लेखी निवेदने सादर केली. ईश्वराची आज्ञा आणि सरकारचा हुकूम यांत विरोध आल्यास पहिली मानणे आपल्याला भाग आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. दरम्यान ब्रिटिश संसदेने जुलै १८१३ मध्ये नवा सनदी कायदा मंजूर केला. त्याने मिशनरींना परवाना घेऊन भारतात राहण्याची वाट मोकळी केली. लंडनमध्ये कंपनीचे संचालक चार्ल्स ग्रँट यांनी त्यांची बाजू घेतली. हद्दपारीची कारवाई थांबली आणि पुढे दोघांना मुंबईत राहण्याची मान्यता मिळाली. ऑक्टोबर १८१३ मध्ये लॉर्ड मिंटो यांच्या जागी गव्हर्नर-जनरल म्हणून आलेले लॉर्ड मॉयरा हे १७७५ मध्ये बंकर हिलच्या लढाईत अमेरिकी बंडखोरांविरुद्ध लढलेले सेनाधिकारी होते.

१८१४ मध्ये न्यूएल सिलोनहून मुंबईस आले. प्रकृती ढासळल्यामुळे नॉट १८१५ मध्ये मायदेशी परतले.

शाळा

मराठी शिकून घेतल्यावर मिशनरींनी बाजारात, देवळांजवळ व रस्त्यांवर प्रवचने सुरू केली. त्यांना प्रतिसाद अत्यल्प मिळाला. पहिल्या दोन दशकांत धर्मांतर करणाऱ्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली. शाळांना मात्र मागणी होती. या शाळा विनामूल्य असत आणि त्यांत बहुधा स्थानिक पंतोजीच शिकवीत. बेने इस्रायल समाजाची मुलेही या शाळांत येत. मुंबईखेरीज माहीम व ठाणे येथे केंद्रे झाली आणि १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर कोकण व घाटमाथ्यावर जाण्याचा मार्ग खुला झाला.

१८२४ मध्ये मिशनने मुंबईत मुलींसाठी शाळा सुरू केली. पश्चिम भारतातील मुलींच्या आरंभीच्या शाळांत तिची गणना होते. डिसेंबर १८२७ मध्ये सिंथिया फॅरार या अविवाहित शिक्षिका मुलींच्या शाळांची जबाबदारी घेण्यासाठी मुंबईत आल्या. १८३९ पासून १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी अहमदनगर येथे काम केले.

छापखाना

त्यापूर्वी मराठी ग्रंथांच्या छपाईचे मुख्य केंद्र बंगालमधील श्रीरामपूर येथे होते. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण तेथे १८०५ मध्ये प्रसिद्ध झाले होते. १८१६ च्या अखेरीस होरॅशियो बार्डवेल मुंबईत आले आणि मिशनच्या छापखान्याची उभारणी झाली. मार्च १८१७ मध्ये बायबलमधील उताऱ्यांची आठ पानी मराठी पुस्तिका या छापखान्यातून बाहेर पडली. १८२१ मध्ये जेम्स गॅरेट हे व्यवसायाने मुद्रक असलेले गृहस्थ येथे दाखल झाले. नव्या कराराचे मराठी भाषांतर १८२६ मध्ये पूर्ण झाले.

पुढे टॉमस ग्रॅहॅम यांच्या देखरेखीखाली देवनागरी खिळे पाडण्याच्या कलेत या छापखान्याने मोठी प्रगती केली. गणपत कृष्णाजी यांनी मिशनची छपाई पाहून स्वतःचा छापखाना उभारला आणि १८३१ मध्ये पहिले छापील मराठी पंचांग काढले. निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी यांची उमेदवारी याच छापखान्यात झाली. ख्रिस्ती पुस्तिकांसाठी आणलेली ही विद्या अशा प्रकारे हिंदू धर्मग्रंथांच्या प्रसारास कारणीभूत ठरली.

हॉल यांचा मृत्यू

३० मे १८२१ रोजी न्यूएल पटकीने मरण पावले. १८२५ मध्ये हॉल यांनी पत्नी व मुलांना अमेरिकेस पाठविले. मार्च १८२६ मध्ये ते नाशिक व त्र्यंबकच्या दौऱ्यावर गेले. नाशिकमध्ये पटकीची साथ जोरात होती. जवळची औषधे रुग्णांना वाटून ते परतीला लागले. परंतु वाटेत त्यांनाही तोच रोग जडला. २० मार्च १८२६ रोजी एका देवळाच्या ओसरीवर त्यांचे निधन झाले. त्यांचे वय ४१ वर्षे होते.

अहमदनगर केंद्र

डिसेंबर १८३१ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे केंद्र सुरू झाले व हळूहळू तेच मिशनचे मुख्य स्थान बनले. १८४२ मध्ये तेथून 'ज्ञानोदय' हे मराठी नियतकालिक निघू लागले. जोतीराव फुले यांनी अहमदनगरला फॅरार यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या होत्या. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढण्यामागे त्या भेटीची प्रेरणा होती, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला व नंतर 'ज्ञानोदय'च्या संपादनात भाग घेतला. मिशनरी जस्टिन ॲबट यांनी मराठी संतांची चरित्रे व काव्य इंग्रजीत आणले.

चेरोकी मिशनशी तुलना

याच बोर्डाने १८१७ मध्ये अमेरिकेतील चेरोकी लोकांमध्ये केंद्र काढले. सिक्वोया यांनी तयार केलेल्या चेरोकी लिपीचे खिळे बोस्टनमध्ये पाडले गेले आणि १८२८ मध्ये 'चेरोकी फिनिक्स' हे वृत्तपत्र सुरू झाले. चेरोकींची बाजू घेतल्याबद्दल जॉर्जिया राज्याने बोर्डाचे मिशनरी सॅम्युएल वूस्टर यांना तुरुंगात टाकले. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला, तरीही १८३८ मध्ये चेरोकींना त्यांच्या भूमीतून बळाने हलविण्यात आले. मुंबईत परक्या सरकारकडून निवासाचा हक्क मागणाऱ्या या बोर्डाला स्वतःच्या प्रजासत्ताकात मूळनिवाश्यांचा तोच हक्क राखता आला नाही.

मूल्यमापन

मिशनरींच्या लेखनात हिंदू धर्म व चालीरीती यांवर कठोर आणि अनेकदा एकांगी टीका आढळते. तिला विरोधही झाला. विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनरींशी जाहीर वादविवाद केले. मूळचे अमेरिकन बोर्डाचे मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

मराठी समाजाने मिशनरींचा धर्म फारसा स्वीकारला नाही. त्यांनी आणलेली साधने मात्र उचलली. अमेरिकी प्रजासत्ताकाचे विचार मिशनबाहेरच्या मार्गांनीही महाराष्ट्रात पोहोचले. फुले यांच्यावर टॉमस पेन यांच्या 'राइट्स ऑफ मॅन' या ग्रंथाचा प्रभाव होता. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्यांनी, गुलामांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील लोकांना अर्पण केला. हॉल व नॉट मुंबईत उतरले तेव्हा त्या प्रजासत्ताकात गुलामी कायदेशीर होती. ती संपूर्ण देशातून नष्ट होण्यास १८६५ साल उजाडावे लागले.

हेसुद्धा पाहा

ज्ञानोदय
सिंथिया फॅरार
गणपत कृष्णाजी
जावजी दादाजी
गुलामगिरी (पुस्तक)