वसईच्या मुक्कामी नेपल्सचा कायदेपंडित

इ. स. १६९५ च्या आरंभी दमणहून निघालेला एक युरोपीय प्रवासी वसई बंदरात उतरला. त्याचे नाव जोव्हानी फ्रान्चेस्को जेमेल्ली कारेरी. नेपल्सच्या राज्यातील हा कायदेपंडित कोणत्याही कंपनीचा नोकर नव्हता, राजाचा वकील नव्हता की धर्मोपदेशकही नव्हता. खानदानी कुळाचा शिक्का नसल्यामुळे स्वदेशात अधिकाराच्या वरच्या पायऱ्या त्याला बंद झाल्या होत्या. त्या उद्वेगात १६९३ मध्ये तो स्वतःच्या खर्चाने पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. एका मुलुखात माल घ्यावा आणि पुढच्या मुलुखात विकून वाटखर्च काढावा, अशी त्याची व्यवहारी रीत होती. केवळ पाहण्यासाठी जग हिंडणाऱ्या आजच्या प्रवाशांचा तो पूर्वज म्हटला तरी चालेल.

तो ज्या शहरात थांबला, त्याच्या वैभवाला तेव्हा दीडशेहून अधिक वर्षे लोटली होती. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांस दिली. पुढे दमणपासून चौलपर्यंतच्या ‘उत्तर प्रांता’चा सेनापती येथेच राहू लागला. दहा बुरुजांच्या तटाआड चर्चे, मठ, इस्पितळ आणि सरदारांचे वाडे उभे राहिले. येथील खाणींतला काळा दगड गलबतांत भरून गोव्यास जाई, आणि तेथील बाँ जेझूसच्या भव्य दर्शनी भागास तो लागला. तटाच्या आत राहण्याचा मान मुख्यतः पोर्तुगीज कुलीनांचा. नावामागे ‘डॉम’ लावण्याची येथील हौस इतकी विलक्षण, की खुद्द शहरालाच थट्टेने ‘डॉम बसाईम’ म्हणत.

कारेरीच्या आधी वीस वर्षे, १६७५ मध्ये, इंग्रज कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर येथे येऊन गेला होता. त्याने दुमजली वाडे, झाकलेले सज्जे आणि खिडक्यांना काचेऐवजी बसविलेले शिंपल्यांचे पातळ तुकडे यांची नोंद केली आहे. (समुद्रकाठच्या जुन्या घरांतून असा शिंपल्यातून गाळून आलेला मंद उजेड पुढेही बरीच वर्षे नांदत होता.) पण त्याची दुसरी एक नोंद अधिक बोलकी आहे. शहरात दुकान थाटलेल्या वाण्यांना दिवसभर व्यापाराची मुभा असे. रात्रीचा नगारा झाला की मात्र त्यांनी तटाबाहेर चालते व्हावे. ख्रिस्ती नसलेल्या माणसाला आत रात्र काढता येत नसे. ज्यांच्या उदिमावर शहर जगते त्यांनाच सायंकाळी वेशीबाहेर घालविणाऱ्या या नगराचे संकटकाळी रक्षण कोणी करावे? फ्रायर येण्याच्या अगोदरच्याच वर्षी याचा प्रत्यय आला होता. मस्कतचे सुमारे सहाशे अरब किनाऱ्यावर उतरले, तटाबाहेरची चर्चे त्यांनी यथेच्छ लुटली आणि आतली शिबंदी दरवाजे लावून बसली.

कारेरीने पाहिलेले शहर तर आणखी पोकळ झाले होते. रस्ते रुंद नि सरळ, मध्ये मोठा चौक, भोवती देखण्या इमारती. परंतु उत्तरेकडचा जवळजवळ तिसरा हिस्सा ओसाड. त्या सुमारास किनारपट्टीवर प्लेगने धुमाकूळ घातला होता, आणि वसईची घरेच्या घरे त्याने रिकामी केली होती.

याच मुक्कामात त्याच्यापुढे एक अपूर्व प्रस्ताव आला. वसईत शिकलेल्या कायदेपंडितांची मोठी वाण. तेव्हा पाहुण्याने येथेच स्थायिक व्हावे, वीस हजार स्पॅनिश रौप्यमुद्रांचा हुंडा घेऊन येथील एका कुलीन कन्येशी विवाह करावा. मठांची व सरदारांची वकिली त्याला लावून देऊ, तीत वर्षाकाठी सहाशे मुद्रा सहज सुटतील! ज्या गृहस्थाला मायदेशी कुळाअभावी बढती नाकारली गेली, त्याच्यापुढे कुलाभिमानाने फुगलेले हे शहर कन्या नि हुंडा घेऊन उभे राहावे, यातला विनोद त्याच्या ध्यानी आला की नाही कोण जाणे. त्याने मात्र साफ नकार दिला. उष्ण देशात आयुष्य काढण्याची त्याला इच्छा नव्हती. लाख मुद्रा दिल्या तरी युरोप कायमचा सोडणार नाही, असे त्याचे उत्तर होते. त्याने कारण हवेचे दिले. तिसरा हिस्सा ओसाड पडलेल्या शहरात संसार मांडण्याचा मोह कोणालाही झाला नसता, हे निराळे.

तटाबाहेर पडताच त्याची लेखणी प्रसन्न होते. मैलोगणती चालत गेलेल्या बागा, नारळ, आंबे, ऊस, आणि धनिकांची विश्रांतिगृहे यांचे त्याने कौतुकाने वर्णन केले आहे. या बागांना पाणी देऊन त्या हिरव्या राखणारे शेतकरी हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती असे सर्व धर्मांचे होते, हेही त्याने टिपले. वसईची केळी नि पानवेली पुढे मुंबईच्या बाजारात गाजल्या त्या या बागाईतदारांच्या वंशजांमुळे. त्यांना ना डॉमची पदवी होती ना तटाचा आसरा.

कारेरी साष्टीतील कान्हेरीची लेणी पाहून, गोव्यामार्गे कृष्णाकाठी गलगली येथे औरंगजेबाच्या छावणीत गेला. चीन, मनिला, मेक्सिको असा फेरा करून १६९८ मध्ये परतला. त्याचा सहा खंडांचा प्रवासग्रंथ १६९९ पासून प्रसिद्ध झाला.

पुढे चव्वेचाळीस वर्षांनी चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला. मराठ्यांची हजारो माणसे पडली. पण सुरुंगांनी सेबास्टियन बुरूज ढासळला आणि मे १७३९ मध्ये शिबंदीने शरणागती पत्करली. तिला शस्त्रांनिशी, वाजतगाजत, कुटुंबकबिल्यासह जाऊ देण्यात आले. शत्रूचा असा मान राखणे हे त्या विजयाचे भूषणच होय. चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ हे साल आजही वाचता येते.

आता चर्चांची छपरे गेली आहेत, फ्रान्सिस्कनांच्या मठात थडग्यांच्या कोरीव शिळा उरल्या आहेत. पलीकडे किल्लाबंदर हे कोळ्यांचे गाव आहे, आणि तिकडे जाणारा रस्ता त्या जुन्या नगरातूनच जातो. मासळी घेऊन निघालेली माणसे त्यावरून रात्री-अपरात्रीही ये-जा करतात.