पाटणच्या मठाचा शिलालेख आणि त्यातील मराठी

खानदेशात चाळीसगावजवळ असलेल्या पाटण येथील शिलालेखाची ख्याती मुख्यतः भास्कराचार्यांच्या वंशावळीमुळे झाली. वस्तुतः तो मठस्थापनेचा लेख होय. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी. आजोबांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’ इत्यादी ग्रंथांचे अध्यापन अखंड चालावे म्हणून त्याने हा मठ स्थापिला, आणि निकुंभवंशीय सामंत सोइदेव याने इ. स. १२०७ च्या श्रावण पौर्णिमेस, चंद्रग्रहणाच्या पर्वकाळी, त्यास उत्पन्न लावून दिले.

लेखाचा आरंभ संस्कृत पद्यांत आहे. मात्र वंशवर्णन संपून बाजारातील उत्पन्नाचा तपशील येताच भाषा पालटते. पाटणात जे ‘केणें’, म्हणजे विक्रीचा माल, उघडेल त्यावरील राजाचा हक्क ‘मढा दीन्हला’. गिऱ्हाइकाकडून पाच पोफळी. जितके घाणे चालतील तितक्यांमागे पळी पळी तेल. जे मापावयाचे ते मठाच्याच मापाने मापावे, आणि मापणावळ मठाने व मापाऱ्याने निम्मी निम्मी घ्यावी. ‘मढा’ म्हणजे मठास. चतुर्थीचा अर्थ येथे नुसत्या आकारान्त रूपाने व्यक्त झाला आहे.

हा भाषापालट मराठीच्या अभिमानातून झाला असे मानण्यास आधार नाही. यवतमाळ जिल्ह्यातील डोंगरगावचा, परमार जगद्देवाच्या काळचा शके १०३४ चा लेख संस्कृत आहे; एका विद्वान ब्राह्मणास गाव देताना तेवढे पुरे होते. पाटणला मात्र तेली, मापारी व गिऱ्हाईक यांना रोज पाळावयाचा नियम सांगावयाचा होता.

याच कारणाने दूर हंगेरीतही असेच घडले. तिहान्य येथील बेनेडिक्टाइन मठ राजा आंद्राश पहिला याने इ. स. १०५५ मध्ये स्थापिला. स्थापनालेख लॅटिन असून त्याचे कर्तृत्व बिशप मिक्लोश याच्याकडे दिले जाते. परंतु मठाच्या जमिनीच्या सीमा सांगताना बिशपला स्थानिकांच्याच शब्दांचा आश्रय घ्यावा लागला. फेहेरवारकडे जाणाऱ्या सैन्याच्या वाटेचा उल्लेख तेथे हंगेरियनमध्येच आहे, आणि त्यातील ‘रेआ’ हा स्वतंत्र शब्द पुढे ‘-रा, -रे’ असा प्रत्यय बनला. तिहान्यला हे शब्द व शब्दसमूह लॅटिन वाक्यांत अडकलेले आहेत. पाटणला कर्ता, कर्म, क्रियापदासह मराठी वाक्येच उभी आहेत.