शाळा बंद असताना पहिली-दुसरीची मुलं काय शिकली?

जून २०२० मध्ये महाराष्ट्रात जी मुलं पहिलीत गेली, त्यांचा शाळेचा पहिला दिवस कुठे उजाडला? बहुतेकांचा घरातच. ना घंटा, ना प्रार्थना, ना शेजारी बसलेला नवा मित्र. कुणाच्या हातात मोबाईल होता, कुणाच्या हातात नुसतं पुस्तक, आणि कुणाच्या हातात तेही नव्हतं.

या मुलांना वर्गात बसण्याची परवानगी मिळाली ती डिसेंबर २०२१ मध्ये. तोवर ती कागदोपत्री दुसरीचं अर्धं वर्ष संपवत आली होती. मधल्या जवळपास दीड वर्षात त्यांनी केलं काय, त्यांना येऊ काय लागलं आणि राहिलं काय?

शाळा नेमक्या किती काळ बंद होत्या?

मार्च २०२०च्या मध्यावर राज्यातल्या शाळा बंद झाल्या. पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द करून मुलांना वरच्या वर्गात पाठवण्यात आलं. एप्रिल २०२१ मध्येही परीक्षा न घेता तसाच निर्णय झाला.

शाळा उघडल्या त्या मोठ्या मुलांपासून. नववी ते बारावीचे वर्ग नोव्हेंबर २०२० मध्ये आणि पाचवी ते आठवीचे जानेवारी २०२१ मध्ये बऱ्याच जिल्ह्यांत सुरू झाले. दुसऱ्या लाटेत तेही बंद पडले. ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवीपुढचे आणि शहरांत आठवीपुढचे वर्ग भरू लागले. पहिली ते चौथीची पाळी आली १ डिसेंबरला. मुंबई, पुण्यासारख्या शहरांत आणखी दोन आठवडे गेले. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे पुन्हा काही दिवस कुलूप लागलं.

म्हणजे सगळ्यात लहान मुलं सगळ्यात जास्त काळ घरी होती. वाचायला, लिहायला, मोजायला शिकण्याचं वय नेमकं हेच असतं.

सरकारी पातळीवर काय सुरू होतं?

'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही त्या काळातली राज्याची घोषणा. तिच्याखाली अनेक गोष्टी एकत्र चालल्या होत्या.

• दीक्षा ॲप : पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या धड्याचा व्हिडिओ किंवा स्वाध्याय उघडतो. पुस्तकाला असे कोड जोडण्याचा प्रयोग सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी आधीच केला होता. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालं.

• टिलीमिली : २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ही मालिका सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने ती तयार केली होती. फळा आणि भाषण टाळून घरातल्या वस्तू वापरून मुलांनी काहीतरी करून पाहावं, यावर तिचा भर होता. इंटरनेट लागत नसल्याने ज्या घरी फक्त टीव्ही होता, त्यांनाही ती बघता आली.

• स्वाध्याय : पालकांच्या व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला प्रश्न यायचे. मुलाने उत्तरं निवडली की किती बरोबर आली ते लगेच कळायचं.

• कमी केलेला अभ्यासक्रम : २०२०-२१ साठी राज्याने अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी केला.

लहान मुलांनी पडद्यासमोर किती वेळ बसावं यालाही मर्यादा होती. केंद्राच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचनांनुसार पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची फार तर दोन ऑनलाइन सत्रं घ्यायची होती. दिवसाचा बाकीचा वेळ घरच्यांच्या आणि मुलाच्या स्वतःच्या हातात होता.

जिथे मोबाईलच नव्हता, तिथे काय झालं?

सगळ्यात कल्पक उपक्रम अशाच ठिकाणी झाले. पालघर जिल्ह्यातल्या दांडवळसारख्या आदिवासी पाड्यांवर एका स्वयंसेवी संस्थेने 'बोलकी शाळा' सुरू केली. ध्वनिक्षेपक पाड्यावर आणायचा, मुलांनी अंतर ठेवून मोकळ्यावर बसायचं आणि रेकॉर्ड केलेला धडा, कविता, गोष्ट ऐकायची. सोबत शंका सोडवायला एखादा स्वयंसेवक.

सोलापूरच्या नीलमनगर भागात तर भिंतीच शिकवू लागल्या. ही कामगारांची वस्ती. तिथल्या शाळेने घरांच्या बाहेरच्या भिंतींवर अक्षरं, गणिताची सूत्रं, विज्ञानाच्या आकृत्या रंगवून घेतल्या. मुलं वही घेऊन येता-जाता त्यांच्यासमोर उभी राहायची.

बाकी गावांत ज्याला जे जमलं ते झालं. शिक्षकांनी मोटारसायकलवर फिरून गृहभेटी दिल्या. झाडाखाली, देवळाच्या सभामंडपात, कुणाच्या ओसरीवर चार-पाच मुलांचे गट बसले. गावातली कॉलेजची मुलं-मुली धाकट्यांना शिकवू लागली. स्वाध्यायाचे कागद घरी पोचवायचे, आठवड्याने तपासून परत द्यायचे, असाही क्रम काही शाळांनी ठेवला.

मुलं घरी नेमकं काय करत होती?

व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी 'आजचा अभ्यास' पडायचा. पहिली-दुसरीच्या मुलांना त्यात बहुधा हातांनी करायच्या गोष्टी असत. चिंचोके दहा-दहाच्या ढिगात मांडून दशक-एकक शिकणं. तांदळाच्या पिठात किंवा मातीत बोटाने अक्षर गिरवणं. पानं गोळा करून ती आकाराप्रमाणे लावणं. वितीने खाटेची लांबी मोजणं. आजीकडून गोष्ट ऐकून ती आपल्या शब्दांत सांगणं. कडधान्याला मोड आणून रोजचं निरीक्षण चित्रात काढणं.

झालं की पालकांनी फोटो किंवा व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा. कविता म्हणताना अडखळणारी, मागे कुकरची शिट्टी वाजत असलेली अशी कितीतरी रेकॉर्डिंग शिक्षकांच्या फोनमध्ये साठली. गुगल फॉर्मवर प्रश्नमंजुषा सोडवली की ई-प्रमाणपत्र यायचं आणि ते लगेच पालकांच्या स्टेटसला लागायचं.

यातून काही मुलांना खरंच काही गवसलं. वर्गात तोंड न उघडणारं मूल घरच्या फोनसमोर बिनधास्त बोलू लागलं. काहींना आवाज रेकॉर्ड करणं, फोटो पाठवणं, हवी ती गोष्ट शोधून ऐकणं सहज जमू लागलं. पालकांनाही आपलं मूल नेमकं कुठे अडतं हे पहिल्यांदा जवळून दिसलं.

पण ग्रुपवर दिसत होती ती फोटो पाठवू शकणारी मुलं. ज्यांचे फोटो येत नव्हते ती काय करतात, हे त्या पडद्यावर कळायला मार्गच नव्हता.

किती मुलांपर्यंत हे पोचलं?

'असर' हे ग्रामीण भारतातल्या मुलांच्या शिक्षणाचं मोठं सर्वेक्षण. सप्टेंबर २०२० मध्ये ते फोनवरून झालं. घरी स्मार्टफोन असलेल्या मुलांचं प्रमाण २०१८ मधल्या ३६.५ टक्क्यांवरून ६१.८ टक्क्यांवर गेलं होतं. तरीही सर्वेक्षणाच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्यास मिळालेली मुलं होती फक्त ३५.६ टक्के, म्हणजे साधारण तीनातलं एक.

घरात फोन आहे म्हणजे तो मुलाला मिळतोच असंही नाही. वडील कामावर गेले की फोन त्यांच्याबरोबर जातो. दोन-तीन भावंडं असली की आधी दहावीच्या ताईचा तास, मग धाकट्याचा. २०२१च्या 'असर'मध्ये हेच दिसलं. घरी स्मार्टफोन असूनही पहिली-दुसरीतल्या सुमारे ४० टक्के मुलांच्या हाती तो येत नव्हता.

ऑगस्ट २०२१ मध्ये १५ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांत सुमारे १,४०० मुलांची पाहणी झाली. त्यात ग्रामीण भागातली फक्त ८ टक्के मुलं नियमित ऑनलाइन शिकत होती. ३७ टक्के मुलांचा अभ्यास पूर्ण थांबलेला होता.

मग नुकसान किती झालं?

अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतल्या सरकारी शाळांमधली १६ हजारांहून अधिक मुलं तपासली. महाराष्ट्र त्यात नव्हता. दुसरी ते सहावीतल्या ९२ टक्के मुलांचं आधी येत असलेलं भाषेतलं किमान एक कौशल्य हरवलं होतं. गणितात हे प्रमाण ८२ टक्के होतं. याचा अर्थ पुढचं शिकणं तर राहिलंच, शिवाय आधी आलेलंही मुलं विसरली. वाचनाचं असंच असतं. नुकतं जोडाक्षर वाचू लागलेलं मूल सहा महिने पुस्तकापासून दूर राहिलं की पुन्हा अक्षर-अक्षर लावत बसतं.

'असर'चे देशभरातल्या ग्रामीण भागाचे आकडे हेच सांगतात. २०१८ मध्ये तिसरीतली २७.३ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. २०२२ मध्ये हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर आलं. वजाबाकी येणारी मुलं २८.२ वरून २५.९ टक्क्यांवर आली.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. नेदरलँड्समध्ये शाळा केवळ आठ आठवडे बंद होत्या आणि तिथे जवळपास घरोघरी इंटरनेट आहे. तरी प्राथमिकच्या मुलांनी घरून शिकून फारशी प्रगती केली नाही, असं तिथल्या अभ्यासात आढळलं. कमी शिकलेल्या पालकांच्या मुलांचं नुकसान इतरांपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत अधिक होतं.

घरून शिकताना कामाला आलं ते काय?

याचं एक चांगलं उत्तर आफ्रिकेतल्या बोत्स्वानातून मिळालं. तिथे प्राथमिकच्या मुलांच्या पालकांचे गट केले गेले. एका गटाला दर आठवड्याला गणिताचे एसएमएस पाठवले. दुसऱ्या गटाला एसएमएसबरोबर आठवड्यातून एकदा सुमारे २० मिनिटांचा फोनही केला. फोनवर पालक आणि मूल दोघं असायचे आणि मुलाला एखादं गणित सोडवायला दिलं जायचं. नुसत्या एसएमएसचा फारसा परिणाम दिसला नाही. जिथे फोन झाला, तिथे मुलांची गणितातली प्रगती स्पष्ट दिसली. फोनही साधाच, स्मार्टफोनची गरज नव्हती.

आपल्याकडेही असाच अनुभव होता. २०२०च्या 'असर'मध्ये सुमारे तीन चतुर्थांश मुलांना अभ्यासात घरातल्या कुणाची तरी मदत मिळत होती. जिथे आई-वडील फार शिकलेले नव्हते, तिथे मोठी भावंडं पुढे आली. लहान मुलाच्या शेजारी कुणी बसलं, त्याचं ऐकून घेतलं, चूक लगेच दाखवली, तर साध्या चिंचोक्यांनीही काम भागलं. व्हिडिओ नुसता फॉरवर्ड झाला, तर तो बहुतेकदा तिथेच थांबला.

गेलेलं भरून निघालं का?

बऱ्याच अंशी, आणि अनेकांच्या अंदाजापेक्षा लवकर. तमिळनाडूतल्या सुमारे १९ हजार ग्रामीण मुलांच्या अभ्यासात डिसेंबर २०२१ मध्ये मोठी तूट दिसली होती. शाळा सुरू झाल्यावर सहा महिन्यांत तिच्यातली जवळपास दोन तृतीयांश भरून निघाली. यातला साधारण चौथा हिस्सा 'इल्लम तेडी कल्वी' या योजनेमुळे होता. तिच्यात गावातलेच स्वयंसेवक शाळा सुटल्यावर मुलांना शिकवायचे.

महाराष्ट्रात जुलै २०२१ मध्ये दुसरी ते दहावीसाठी ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला. मागच्या वर्षाचा पाया पक्का करायचा आणि मग पुढचं शिकायचं, ही त्यामागची कल्पना. तो सुरू झाला तेव्हा प्राथमिकच्या शाळा बंदच होत्या. २०२२ मध्ये शाळापूर्व तयारीचे मेळावे झाले आणि गावोगावी मातांचे गट तयार झाले. घरच्या घरी खेळातून शिकवण्याचं लॉकडाउनमधलं काम तिथे पुढे चालू राहिलं. देशपातळीवर 'निपुण भारत' मोहिमेने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि आकडेमोड यावी, असं उद्दिष्ट २०२६-२७ साठी ठेवलं.

२०२४च्या 'असर'मध्ये देशातल्या ग्रामीण भागात तिसरीची वाचू शकणारी मुलं पुन्हा २७.१ टक्क्यांवर आली. वजाबाकीत तर ३३.७ टक्के, म्हणजे महामारीच्या आधीपेक्षाही पुढे.

मात्र हे आकडे आहेत २०२४ मध्ये तिसरीत असलेल्या मुलांचे. त्यांची पहिली शाळेत गेली. जून २०२० मध्ये पहिलीत गेलेली मुलं तोवर पाचवीत पोचली होती. वरच्या वर्गात अक्षर ओळखण्यापासून कुणी सुरुवात करत नाही, तिथे थेट धडा वाचून उत्तरं लिहायची असतात. त्यामुळे त्या वर्षाचं मूल आपल्या घरात किंवा शेजारी असेल, तर त्याला एखादं पान मोठ्याने वाचायला सांगून पाहावं. अडखळलं तर रागावू नये. रोज दहा मिनिटं शेजारी बसून ऐकावं, आणि काय अडतंय ते त्याच्या शिक्षकांच्या कानावर घालावं.