अंगठेबहाद्दर बायकांची बँक

माणदेश म्हटलं की आपल्याला दुष्काळ आठवतो, फार तर व्यंकटेश माडगूळकर. मला मात्र तिथला एक फेटाळलेला अर्ज जास्त महत्त्वाचा वाटतो.

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं म्हसवड. चेतना गाला मूळच्या मुंबईच्या, जयप्रकाश नारायणांच्या चळवळीत घडलेल्या. शेतकरी कार्यकर्ते विजय सिन्हा यांच्याशी लग्न करून त्या इथे आल्या. एकदा रस्त्याकडेला लोहारकाम करणारी एक बाई त्यांच्याकडे आली. पावसाळ्याआधी डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद हवा, म्हणून तिला रोजचे थोडे थोडे पैसे साठवायचे होते. बँक खातं उघडून देत नव्हती. एवढ्या किरकोळ रकमा कोण सांभाळणार? लक्षात घ्या, ती कर्ज मागत नव्हती. स्वतःचेच पैसे ठेवायला जागा मागत होती.

मग बायकांनी स्वतःचीच सहकारी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला. कारण प्रवर्तक बायका निरक्षर. सहीच्या जागी अंगठे.

आता काळ बघा. महाराष्ट्रानं १९९० मध्ये पंचायतींत महिलांना ३० टक्के जागा राखून दिल्या होत्या. १९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली. म्हणजे अंगठा उठवणारी बाई सरपंच होऊन गावाचा कारभार पाहू शकत होती, पण बँकेची प्रवर्तक होऊ शकत नव्हती. सरकारच्या दोन खिडक्या, आणि एकच बाई एकीवर लायक, दुसरीवर नालायक.

बायका काही महिने अक्षरं गिरवत बसल्या. मग पुन्हा अर्ज केला आणि या वेळी पंधराजणी चेतनाताईंबरोबर मुंबईत रिझर्व्ह बँकेत गेल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती, हा आमचा गुन्हा नाही. वाचता येत नसेल, हिशोब येतो. कुठलीही रक्कम सांगा, व्याज काढून दाखवतो. तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढू द्या, बघू कोण आधी सांगतं.

मी इंजिनिअर आहे, तरी ही पैज मी घेतली नसती. सावकाराचं ‘शेकडा दोन’ म्हणजे शंभराला महिन्याला दोन रुपये, वर्षाला २४ टक्के. हे गणित ज्यांनी कर्ज फेडता फेडता शिकलंय, त्यांच्यापुढे आमचं एक्सेल काय टिकणार?

१९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

पुढची गोष्ट मला त्याहून आवडते. बँकेत यायचं तर दिवसाची मजुरी बुडते, असं बायकांनी सांगितलं; म्हणून बँक त्यांच्या दारी जाऊ लागली. मग त्यांनी पासबुकाला हरकत घेतली. आम्ही सॉफ्टवेअरवाले पासवर्ड चोरणारा दूर कुठेतरी बसलेला धरून चालतो. या बायकांना धोका घरातच दिसत होता: फळीवरचं पासबुक नवऱ्यानं उघडलं की शिल्लक कळणार, आणि कळली की तो मागणार. शिल्लक दिसावी, पण फक्त आपल्यालाच, एवढीच त्यांची मागणी होती.